जुन्या वास्तूतले जेवण आणि विसरलेले स्वयंपाकघर

जुन्या वास्तूंचे करायचे काय, या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत एक सोपे उत्तर सापडले आहे : तेथे उपाहारगृह काढावे. वाडा असो, गढी असो, बंदरावरची जुनी वखार असो. भिंतींना चुना लावावा, तुळयांना तेल द्यावे, पडवीत टेबले मांडावीत आणि दारावर ‘हेरिटेज’ हा शब्द रंगवावा. पर्यटक येतात, छायाचित्रे काढतात, जेवतात आणि जातात. वास्तू वाचली, मालकाला चार पैसे मिळाले, गावाचे नाव झाले. मग तक्रार कशाबद्दल करायची?

आम्ही तक्रार करणार नाही, परंतु काही प्रश्न मात्र विचारणार आहोत. कारण या विषयावर आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा दोनच सुरांत होते. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातील काही किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा शासनाचा विचार असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा हे दोन्ही सूर स्पष्ट ऐकू आले. एका बाजूला ‘पवित्र वास्तूत हॉटेल म्हणजे विटंबना’ असा संताप होता, तर दुसऱ्या बाजूला ‘पडून राहण्यापेक्षा वापरात आलेले काय वाईट’ असा व्यवहारी युक्तिवाद. शिवकालाशी निगडित किल्ल्यांना हात लावला जाणार नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला आणि वाद निवला. मात्र त्या वादात एक गोष्ट कोणीच विचारली नाही. ज्या वास्तूत जेवण वाढायचे, तिच्यात पूर्वी जेवण कोण रांधत होते, कोण जेवत होते आणि कोणाला उंबऱ्याबाहेर थांबावे लागत होते? आमच्या मते खरा प्रश्न हाच आहे. तो टाळून केलेले जतन हे केवळ भिंतींचे जतन ठरते.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेला इतिहास थोडा, म्हणून ती त्याला जपते, असे आपण काहीशा तुच्छतेने म्हणतो. परंतु जुन्या इमारतीत पारंपरिक जेवण देण्याची रीत त्या देशात चांगलीच रुळलेली आहे, आणि तिच्यातील गुणदोषही आपल्यापेक्षा आधी उघडे पडले आहेत. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला ‘फ्रॉन्सेस टॅव्हर्न’ नावाची विटांची एक इमारत आहे. मूळ बांधकाम १७१९ चे. १७६२ मध्ये सॅम्युअल फ्रॉन्सेस याने ती विकत घेऊन तेथे खाणावळ थाटली. ४ डिसेंबर १७८३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या सैन्याधिकाऱ्यांचा निरोप घेतला तो याच इमारतीतील लांब दालनात. पुढे काही काळ नव्या राष्ट्राच्या परराष्ट्र, अर्थ आणि युद्ध या खात्यांच्या कचेऱ्याही येथेच होत्या. आज वरच्या मजल्यांवर संग्रहालय आहे आणि खाली उपाहारगृह. आमच्यापैकी एकाला काही वर्षांपूर्वी नातेवाइकांबरोबर तेथे जेवण्याचा योग आला. काळपट लाकडाची तावदाने, मंद दिवे, भिंतीवर स्वातंत्र्ययुद्धाची चित्रे, आणि ताटात ‘चिकन पॉट पाय’, म्हणजे वरून पिठाच्या पापुद्र्याने झाकून भाजलेले कोंबडीचे कालवण. पदार्थ साधा, पोटभरीचा, आणि आपल्या जिभेला मिठाखेरीज काही लागू नये असा. तरीही त्या खोलीत बसून तो खाताना शतकांचे अंतर थोडे कमी झाल्यासारखे वाटते, हे मान्य केले पाहिजे.

मात्र हे वाटणे कितपत खरे आहे? ती इमारत एकोणिसाव्या शतकात आगींत होरपळली आणि तिच्यात वारंवार फेरबदल झाले. १९०४ मध्ये क्रांतिकाळातील सैनिकांच्या वंशजांच्या एका संस्थेने ती विकत घेतली आणि १९०७ मध्ये ‘जीर्णोद्धार’ करून खुली केली. मूळ इमारत नेमकी कशी दिसत होती याचा भरवशाचा पुरावा हाती नव्हता. त्यामुळे पुष्कळसा भाग तर्काने उभारावा लागला. आज आपण पाहतो तो मुख्यतः विसाव्या शतकाने कल्पिलेला अठराव्या शतकाचा चेहरा आहे. यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ‘पारंपरिक’ आणि ‘ऐतिहासिक’ हे शब्द जेवणाच्या टेबलाशी आले की त्यांच्याकडे थोडे सावधपणे पाहावे, एवढे यातून कळते.

ताटातील परंपरेचेही तसेच. ‘अमेरिकन’ म्हणून जगभर गाजलेली सफरचंदाची पाय मुळात इंग्लंडहून आली. उलट, आपण अस्सल कोकणी म्हणून जे मिरवतो त्यातील किती तरी वस्तू अमेरिका खंडातून आलेल्या आहेत. मिरची तिकडची, काजू तिकडचा, बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई, अननस हेही तिकडचेच. यांतील बऱ्याच गोष्टी पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागल्या. मालवणी कालवणाला लाल रंग देणारी मिरची आणि रत्नागिरीच्या डोंगरउतारावरची काजूची झाडे ही शिवपूर्वकाळातील दोन-तीन पिढ्यांपलीकडे जात नाहीत. आपले म्हणून सांगता येतील ती कोकमे, नारळ आणि भात. तेव्हा कोणतेही ताट ‘जसेच्या तसे’ इतिहासातून उतरत नाही. परंपरा ही चालती गोष्ट आहे आणि तिच्यात भर पडत असते, हे मान्य केले तर जुन्या वास्तूत नवे पदार्थ वाढण्यात काही पाप नाही.

पाप असेल तर ते दुसरीकडे आहे, आणि अमेरिकेतही ते फार उशिरा बोलले गेले. ज्याला तेथील अभिजनांचे पारंपरिक जेवण म्हणतात ते रांधणारे हात बहुतेक वेळा गुलामांचे होते. अध्यक्ष वॉशिंग्टन यांचा नावाजलेला मुख्य आचारी हर्क्युलीस हा गुलाम होता. १७९७ मध्ये, वॉशिंग्टन यांच्या वाढदिवशीच, तो पळून गेला. थॉमस जेफरसन यांनी जेम्स हेमिंग्ज या आपल्या गुलामाला १७८४ मध्ये पॅरिसला नेऊन फ्रेंच पाककला शिकवली, आणि ती विद्या त्याने आपल्या भावाला शिकवावी या अटीवर १७९६ मध्ये त्याला मुक्त केले. पिढ्यान्‌पिढ्या या घरांत येणाऱ्या पाहुण्यांना दिवाणखाना दाखवला गेला, चांदीची भांडी दाखवली गेली, यजमानाच्या रसिकतेच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. आचाऱ्याचे नाव मात्र कोणी घेतले नाही. अलीकडच्या दशकांत हे बदलू लागले. जेफरसन यांच्या माँटिसेलो या घरातील पहिल्या स्वयंपाकघराचे उत्खनन झाले, हेमिंग्जच्या काळातील शेगड्यांचे अवशेष सापडले, आणि आता तेथे त्याचे नाव घेऊन ती जागा दाखवली जाते. दिवाणखान्याच्या इतिहासाला स्वयंपाकघराचा इतिहास जोडला गेला, आणि त्यामुळे त्या घराचे महत्त्व कमी झाले नाही, ते अधिक खरे झाले.

आता आपल्याकडे वळू. मराठी समाजात ताट, पंगत आणि उंबरा यांचा इतिहास अमेरिकेहून कमी बोचरा नाही. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस मंडळीचे सभासद ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव गुप्तपणे खात. हे खाणे हीच त्यांची समाजसुधारणेची प्रतिज्ञा होती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहापानाला गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि आमच्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी नावे छापवली आणि एका कप चहावरून ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत वाद गेला आणि प्रायश्चित्ताची भाषा झाली. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि पाणी पिणे ही केवढी मोठी घटना असू शकते हे साऱ्या देशाला कळले.

खुद्द रत्नागिरीने या इतिहासात आपले पान लिहिले आहे. भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडले, आणि त्या काळात येथे झालेली सहभोजने गाजली. त्यानंतर १९३३ मध्ये सावरकरांच्या पुढाकाराने येथे अखिल हिंदू उपाहारगृह सुरू झाले. तेथे जात न विचारता चहा-फराळ मिळे. त्याच्या नावातच त्याची मर्यादाही लिहिलेली होती, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु ज्या गावात शेजारी बसून चहा पिणे हा सामाजिक प्रयोग होता, त्या गावातील माणसाने उपाहारगृहाकडे निव्वळ व्यवसाय म्हणून पाहू नये, एवढे तरी यातून निष्पन्न होते. आपल्याकडे उपाहारगृह ही लोकशाहीची प्राथमिक शाळा होती. मुंबईच्या इराण्यांनी तर कोणतीही घोषणा न करता तो धडा दिला. १९०४ चे कयानी, १९२३ चे ब्रिटानिया येथील टेबलांशी गिरणीचा कामगार आणि कोर्टातला वकील एकाच चवीचा चहा पीत होते.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून आम्ही मध्यंतरी कोकणातील एका वाड्यात जेवायला गेलो. वाड्याचे आणि मालकाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. असे वाडे आता बरेच झाले आहेत. डागडुजी मन लावून केली होती, हे आधीच नोंदवतो. जांभ्याचे चिरे स्वच्छ घासले होते, पडवीचे लाकडी खांब जपले होते, ओटीवरचा झोपाळा जागच्या जागी होता. माजघरात वातानुकूलित दालन झाले होते. जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ आणि तांब्याचा बंब या वस्तू प्रवेशापाशी फुलांच्या कुंड्यांबरोबर मांडून ठेवल्या होत्या. चूल मात्र कोठेच नव्हती. जेथे ती असायला हवी होती तेथे हात धुण्याची जागा केली होती. भिंतीवर मालकांच्या पणजोबांचे पगडीतले छायाचित्र होते आणि घराण्याचा इतिहास इंग्रजीत लिहिलेला होता. खाद्यपदार्थांच्या यादीत ‘पेशवाई थाळी’ होती आणि ‘रॉयल मालवणी थाळी’ होती. घावन-रस नव्हता, आंबोळी नव्हती, कुळथाची पिठी नव्हती, पेज तर नव्हतीच. थाळीची किंमत त्याच गावातील मजुराच्या दिवसभराच्या मजुरीहून अधिक होती.

जेवण चांगले होते. विशेषतः तांदळाच्या भाकऱ्या पातळ, मऊ आणि नेमक्या पदर सुटलेल्या होत्या. हात धुवायला गेलो तेव्हा मागच्या पडवीत गावातल्या दोन बायका गॅसच्या शेगडीपुढे बसून त्या थापताना दिसल्या. आम्ही भाकऱ्यांची वाखाणणी केली तेव्हा त्यांतली एक हसली आणि म्हणाली, “आमच्या घरी रोज तशाच असतात.” बाहेर भिंतीवर पणजोबांचे नाव होते, वास्तुविशारदाचे नाव होते, उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांचे नाव होते. ज्यांच्या हाताची चव चाखायला माणसे शंभर मैलांवरून येत होती, त्यांचे नाव नव्हते. वाड्याच्या भरभराटीच्या काळातही ते नसणार. त्या वेळी तर त्यांच्यापैकी काहींना ओटीची पायरीही चढू दिली गेली नसती. हर्क्युलीस आणि हेमिंग्ज ही नावे आम्हांला तेथे आठवली. आपल्या वाड्यांतल्या हर्क्युलीसांची नावे कोणत्या चोपडीत शोधायची? घरातल्या सोवळ्यातल्या विधवा, पाणके, आचारी, मागल्या दाराशी उष्ट्याची वाट पाहणारी माणसे : या सर्वांनी मिळून तो वाडा जगवला होता.

हे वाचून कोणी म्हणेल की मग वाडे पडू द्यावेत काय? मुळीच नाही. वापर थांबला की वास्तू कशी मरते याची उदाहरणे मुंबईत भरपूर आहेत. काळा घोड्याजवळचे वॉटसन्स हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, हे ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेले. त्याचे भाग इंग्लंडमध्ये तयार करून आणले होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे चलच्चित्र भारतात प्रथम दाखवले गेले ते तेथेच. हॉटेल बंद पडले, खोल्यांचे तुकडे पडून कचेऱ्या झाल्या, आणि २०१९ मध्ये तर ती इमारत पाडून टाकण्याची शिफारस तज्ज्ञांच्या अहवालात झाली. तिच्या जवळच ‘वेसाईड इन’ नावाचे उपाहारगृह होते. अरुण कोलटकर तेथे बसत आणि समोरच्या रस्त्यावरची माणसे न्याहाळत. त्या न्याहाळण्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हा संग्रह आला, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. वेसाईड इन बंद झाले. एका कवीची खिडकी गेली, हे आपल्याला फार उशिरा कळले. तेव्हा वास्तूत माणसांचा वावर असावा, चहाचा वास असावा, भांड्यांचा आवाज असावा, हे आम्हांलाही हवे आहे. कुलूप लावून ठेवलेल्या इतिहासाला वाळवीशिवाय वाचक मिळत नाही.

प्रश्न वापराचा नसून तो कसा करायचा याचा आहे. आमच्या शेजारच्या मुलखातील दोन उदाहरणे पाहावीत. सावंतवाडीच्या राजवाड्याचा काही भाग अलीकडच्या वर्षांत पाहुण्यांच्या मुक्कामासाठी खुला झाला आहे. परंतु त्याआधीच, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांच्या पुढाकाराने, तेथील दरबारात गंजिफांची बुडती कला पुन्हा जगवली गेली होती. कारागीर तेथे बसून रंगकाम करीत आणि येणारा माणूस त्यांना काम करताना पाहत असे. वास्तूत हात दिसतात, हे त्या राजवाड्याचे वेगळेपण. दुसरे उदाहरण तेरेखोलच्या किल्ल्याचे. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आत चर्च बांधले गेले, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी तेथे तिरंगा फडकावला. पुढे या किल्ल्यात कित्येक वर्षे हॉटेल चालले. तटावर बसून खाडी आणि समुद्राचा संगम पाहत माशाचे जेवण जेवण्यासारखे सुख नाही. मात्र त्याच तटाकडे निःशस्त्र माणसे चालून आली होती, हे जेवणाऱ्याला कळल्याशिवाय तो पुढच्या प्रवासाला निघू नये, अशी व्यवस्था ही जेवणाच्या व्यवस्थेइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

हाच विचार आमच्या गावापर्यंत आणायचा तर थिबा राजवाड्याचा विषय निघतोच. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला, १९१० मध्ये या राजवाड्यात राहायला आला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. आज तेथे संग्रहालय आहे. उद्या कोणी तेथे ‘रॉयल बर्मीज डिनर’ ची कल्पना मांडली तर आश्चर्य वाटायला नको. कैदेत असलेल्या राजाच्या दालनात मेजवानी झोडणे आम्हांला रुचणार नाही. पण आवाराच्या एका कडेला साधे उपाहारगृह असावे, तेथे घावन आणि कोकमाचे सरबत मिळावे, शाळेच्या सहलीतल्या मुलाच्या खिशाला परवडावे, आणि त्या राजघराण्याची सेवा करणाऱ्या माणसांविषयीही मुलांना काही वाचायला मिळावे, याला हरकत घेण्यासारखे काय आहे?

वाडे चालवणाऱ्यांकडून आमच्या अपेक्षा मोजक्या आहेत. घराण्याच्या इतिहासाशेजारी स्वयंपाकघराचा इतिहासही लिहावा, आणि मराठीत लिहावा. चूल होती तिथे चूल दिसू द्यावी. राजेरजवाड्यांच्या नावाच्या काल्पनिक थाळ्यांपेक्षा त्या गावात खरोखर शिजणारे चार पदार्थ ठेवावेत, आणि त्यांत गरिबाच्या घरचे पदार्थही असावेत. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ मधील पुस्तकाने दाखवून दिले की मराठी खाद्यसंस्कृती म्हणून जे लिहिले गेले त्यात मोठ्या समाजाचे ताट आलेलेच नव्हते. ते ताट वाड्यात यायला आता कोणाची परवानगी लागू नये. रांधणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहावीत. आणि आठवड्यातला एखादा दिवस तरी असा असावा की गावातला माणूस पुढल्या दाराने येऊन, पैसे मोजून, ताठ मानेने जेवून जाईल, इतकी किंमत असावी.

यातली एकही गोष्ट खर्चिक नाही. तावदानाच्या एका काचेला लागतो त्याहून कमी खर्च नावांच्या फळ्याला लागतो. अडचण खर्चाची नसून आपल्या स्मरणाच्या सवयीची आहे. आपण सदर आठवतो, देवघर आठवतो, झोपाळा आठवतो, आणि ज्या खोलीतून सारे घर जेवले ती विसरतो. ज्या गावात ९० वर्षांपूर्वी सर्वांना एका छताखाली चहा मिळावा म्हणून उपाहारगृह निघाले, त्या गावाच्या आसपास निघणाऱ्या नव्या उपाहारगृहांनी निदान मागे जाऊ नये. भाकरी थापणाऱ्या त्या दोघी एखाद्या रविवारी पुढल्या पडवीत बसून जेवल्या, तर वाड्याचे जतन झाले असे आम्ही समजू.